फ्रेम तिथं माणूस

वाघमारे मॅडम दुकानातून निघताना छत्री विसरतील, चष्मा विसरतील, पण भिंतीवरची फ्रेम काढायला कधी विसरल्या नाहीत. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर बसवंतअप्पांचं मेडिकल होतं. तिथे दुकानाच्या लायसनशेजारी एका खिळ्यावर मॅडमचं फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाल्याचं सर्टिफिकेट काचेत टांगलेलं असे, आणि त्याच्या कोपऱ्यात त्यांचा तरुणपणीचा दोन वेण्यांचा फोटो. जेवायला जायचं असो, बँकेत जायचं असो, की नुसता पलीकडच्या टपरीवर चहा प्यायचा असो, मॅडम स्टुलावर चढायच्या, फ्रेम काढायच्या, पदराने काच पुसायच्या आणि फ्रेम काखेत मारून चालू लागायच्या. त्या परत येईपर्यंत अप्पांनी साबण विकावा, टूथपेस्ट विकावी; चिठ्ठीवरचं औषध विकायचं नाही. फार्मासिस्ट हजर नसेल तर तशी औषधं देता येत नाहीत, हे आपल्याकडच्या प्रत्येक मेडिकलवाल्याला तोंडपाठ असतं. पाळणारी एकच बाई मी पाहिली.

"मॅडम, चहाला चाललाव का गावाला?" अप्पा वैतागून म्हणायचे. "धा मिन्टासाठी कशाला काढताव? राहू द्या की भिंतीवर, खाती का पिती ती?"

"फ्रेम तिथं माणूस, अप्पा," मॅडम चप्पल घालता घालता म्हणायच्या. "माणूस चालला, फ्रेम चालली."

मॅडम वारल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल मी का लिहितोय तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सद्गुणी समजायला नको. या बाईंच्या सहीने मी फार्मासिस्ट झालो, त्यांना तोंड भरून शब्द दिला, आणि मग माझी स्वतःची फ्रेम मी जिथे कधी बसलोच नाही अशा एका दुकानात टांगली. आमच्याकडे याला 'सर्टिफिकेट लावणे' म्हणतात. "काय करतो पोरगा?" "सर्टिफिकेट लावलंय नायगावला." एवढं बोललं की सोयरीकसुद्धा जमते.

आता फार्मासिस्ट होतात कसे, ते ऐका. कागदावर सगळं फार भारदस्त आहे. बारावी सायन्स, मग दोन वर्षांचा डिप्लोमा किंवा चार वर्षांची पदवी. डिप्लोमावाल्यांना वर पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही तीन महिन्यांहून कमी वेळात उरकायचं नाही, आणि त्यातले निम्मे तास खरोखरीच्या चिठ्ठ्यांवर औषध देण्यात गेले पाहिजेत. मग फार्मसी परिषदेकडे नोंदणी. आता म्हणे डिप्लोमानंतर आणखी एक परीक्षा आली आहे. ती आली त्याच महिन्यात तिच्या पाठांतराचे क्लासही आले. आमच्या भागात रोगाआधी औषध निघत नाही, पण परीक्षेआधी क्लास निघतो.

लातूरला डॉक्टर घडवायची मोठी हौस. तिथल्या क्लासांतून जी मुलं डॉक्टर व्हायची राहतात, त्यातली बरीच आमच्यासारख्या कॉलेजात येऊन पडतात. मी तसाच पडलो. आमचं कॉलेज एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लग्न असलं की वर सुट्टी, आणि लग्नसराईत तर कॉलेज बंदच. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत रंगीत पाणी होतं. मी स्वतः एकदा निळ्या बाटलीत निळं घातलेलं आहे. शिकवणारे नऊ जण फळ्यावर लिहिलेले होते. त्यातले तीन दिसत, आणि त्यातले एक सर आम्हाला सर कमी आणि प्रवेश मिळवून देणारा एजंट म्हणून जास्त माहीत होते. दोन वर्षांनी आम्ही सगळे पास झालो. नापास व्हायला आधी कुणीतरी शिकवावं लागतं.

मग आली पाचशे तासांची भानगड. ही भानगड एका कप चहात मिटते, असं सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्याही मेडिकलमध्ये जायचं, फार्मासिस्टची सही घ्यायची, शिक्का मारायचा. आम्ही पाच जण बसवंतअप्पांकडे गेलो, कारण ते दुकान स्टँडसमोर होतं. मॅडमविषयी आम्हाला काहीच माहिती नव्हती. काउंटरमागे पांढऱ्या कडक एप्रनातली साठीकडे झुकलेली बाई, गळ्यात काळ्या दोऱ्याला लटकवलेला चष्मा. आमच्या म्होरक्याने फॉर्म पुढे सरकवले.

"मॅडम, सही पायजे होती."

मॅडमनी फॉर्मकडे पाहिलंच नाही. "एक चमचा म्हंजे किती?"

"पाच एमएल," आम्ही पाचही जण एका सुरात ओरडलो. एवढं तरी आम्हाला येत होतं, त्याचा कोण आनंद.

मॅडमनी काउंटरखालून एक स्टीलचा डबा काढला आणि आमच्यासमोर पालथा केला. त्यात घरातले चमचे होते, लहान, मोठे, वाकडे, एक तर वाढायचाच. प्रत्येकाच्या दांडीला चिकटपट्टी लावून त्यावर आकडा लिहिलेला. लेकराला औषध न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला मॅडम तिच्या घरचा चमचा आणायला लावत, सिरिंजने पाणी टाकून मोजत, आणि फारच उफराटा चमचा असला तर तो ठेवून घेऊन औषधाचं मापाचं टोपण देत.

"ह्यो अडीचचा. ह्यो सातचा. आन ह्यो बघ, बाराचा," त्या एकेक चमचा आपटत म्हणाल्या. "पाच एमएल तुमच्या पुस्तकात. तिच्या सैपाकघरात कोणता चमचा हाय ते तू जाऊन बघणार हैस का? तीन महिने यायचं. रोज. सही शेवटी. ज्याला जमत न्हाई त्यानं आत्ताच निघायचं."

चौघे निघाले. त्याच दिवशी लातूरला जाऊन त्यांनी पाव तासात पाचशे तास पूर्ण केले, आणि येताना बिर्याणीही खाल्ली. मी राहिलो. माझं काही तत्त्व वगैरे नव्हतं. त्यांच्या मोटारसायकलींवर पाचव्याला जागा नव्हती.

मॅडमचं तोंड फाटकं होतं. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर त्या डॉक्टरला फोन करून विचारायच्या, "साहेब, ही चिठ्ठी हाय का मुंग्यांची रांग?" औषध कंपन्यांचे एमआर लोक गोळ्यांची चकचकीत चित्रं घेऊन आले की म्हणायच्या, "चित्र नगं दावू, त्यात काय हाय ते सांग." आणि तो बिचारा घाम पुसायचा, कारण त्यात काय आहे हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसायचं. स्वतःहून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मागणाऱ्या मास्तरांना, वकिलांना, पुढाऱ्यांना त्या अशा काही बोलायच्या की ती माणसं पुन्हा त्या फुटपाथवरून जात नसत. मला तर त्या दिवसाकाठी तीनदा 'डिप्लोमा' म्हणून हाक मारत, आणि त्या हाकेत शिवीची सगळी चव असे. "ए डिप्लोमा, गोळ्यांची पट्टी उलट्या बाजूनं कापलीस की रं. आता मुदतीची तारीख गिऱ्हाइकाला दिसणार हाय का तुझ्या स्वप्नात?" शिकलेल्या माणसाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. शिक्षणाचा नव्हता, आणि हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

न शिकलेल्यांशी मात्र ही बाई वेगळीच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर त्या चित्रं काढत. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चांदणी. जेवणाआधी घ्यायची असेल तर पूर्ण गोल भाकरी, जेवणानंतर असेल तर अर्धी खाल्लेली. एकदा एक आजी आठवड्याने परत आली, रात्रीच्या गोळ्या जशाच्या तशा.

"घेतल्या का न्हाईत, माय?" मॅडमनी विचारलं.

"बाई, म्या रातच्याला भाकर खातच न्हाई," आजी म्हणाली. "दात न्हाईत. भात खाते. तुमी तर भाकरीवर घ्या म्हून काढलंव."

मला फस्सकन हसू आलं. मॅडमनी आजीसमोरच माझ्या पाठीत धपाटा घातला. "हसतो काय? चित्र मी काढलं, चूक माझी. तिनं बरोबर वाचलं." त्या दिवसापासून पाकिटावर चित्र काढण्याआधी त्या प्रत्येकाला विचारू लागल्या, रात्री काय खाता. भात खाणाऱ्यांसाठी ताटली काढायला लागल्या. दोन वर्षांच्या डिप्लोमात मला कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तर मी त्या दिवशी गैरहजर असतो.

अप्पा हे सगळं सहन का करायचे? अप्पा लिंगायत वाणी, पक्के व्यापारी. कपाळाला रोज भस्म, तोंडात कायम साखर. पूर्वी त्यांनीही कुण्या परगावच्या माणसाचं सर्टिफिकेट लावलं होतं. एक दिवस ड्रग इन्स्पेक्टर आला आणि म्हणाला, फोटोतल्या माणसाला बोलवा. तो माणूस त्या वेळी पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होता. दुकानाला महिनाभर कुलूप लागलं. त्या महिन्यात अप्पांना एवढी दहशत बसली की दुकान उघडल्यावर त्यांनी जिवंत फार्मासिस्ट शोधला. मॅडम तेव्हाच सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. अप्पा म्हणायचे, "एक इन्स्पेक्टर नगं म्हून दुसरा घरात आणून बसवला."

मी एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, चहाला जाताना फ्रेम राहिली तर काय होतंय? कोण बघायला येतंय?"

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "माझा बाप जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. आमच्या घरातला पहिला नोकरीवाला. गावात आमचं घर कुठं हाय ते समद्यांना ठावं होतं, पण आमचं नाव कुणी घेत न्हवतं. 'ते खालच्या अंगाचे' म्हणायचे. बापानं नांदेडहून पितळी पाटी करून आणली आन दाराला ठोकली. दारावर नाव लागायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, डिप्लोमा. ते नाव मी न्हाई तिथं टांगून ठेवू व्हय? आन माझ्या नावानं कुणी ऐरागैरा गोळ्या वाटील?"

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तेव्हाही पटाईत होतो.

मॅडमच्या आयुष्यात मला माहीत असलेली एकच मोठी चूक झाली, आणि तिच्यात माझाही हात होता. आमच्या कॉलेजची मान्यता पुढे चालू ठेवायला तपासणी समिती येणार होती. आम्ही पास झालेली पोरंसुद्धा वर्ग भरायला बोलावली गेली. खालचं लग्न दुसऱ्या हॉलला हलवलं. परगावचे कागदावरचे सर लोक गाड्या करून आले, आणि त्यांना एकमेकांची नावं कळावीत म्हणून छातीवर पट्ट्या लावल्या. एक मॅडम कमी पडत होत्या. मी मोठ्या शहाणपणाने प्राचार्यांना वाघमारे मॅडमचं नाव सुचवलं. प्राचार्य स्वतः दुकानात आले, नमस्कार केला, "फक्त एक दिवस बसायचं, मॅडम," म्हणाले.

मला वाटलं आता प्राचार्यांचे धिंडवडे निघणार. पण मॅडम म्हणाल्या, "बसणार न्हाई. शिकवणार. चालतंय का?"

प्राचार्यांना काय, चाललं. मॅडमच्या मनात काय होतं ते त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं. समितीसमोर एक तास खरा शिकवायचा आणि शेवटी उभं राहून सांगायचं, मी इथे पहिल्यांदाच आले, आणि या पोरांनी दोन वर्षांत ऐकलेला हा पहिला तास आहे. त्यांना खात्री होती की ते ऐकून समिती त्याच दिवशी कॉलेजला कुलूप ठोकेल.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, फ्रेम काखेत. चमच्यांचा डबा टेबलावर पालथा केला. लेकरांचं वजन, डोस, पातळ औषधाची ताकद, थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांतला फरक. "दोन्हीवर नाव एकच असतंय, पण थेंबातलं औषध चौपट कडक असतंय. चमच्यानं थेंब पाजले तर लेकराचं लिव्हर जाईल, आन चिठ्ठीवर नाव बघून तुम्ही म्हणाल, औषध तर बरोबर दिलं." मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. समितीचे तीन सदस्य दारात उभे होते. तास संपला. मॅडम त्यांच्याकडे वळल्या आणि बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात समितीच्या प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. "उत्कृष्ट! असं अध्यापन आजकाल कुठे दिसतं?" प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्या गलक्यात समिती जेवायला गेली. जेवणात श्रीखंड होतं. मॅडम मागोमाग गेल्या, ताटं वाढलेल्या टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, मी इथली न्हाई. आजच आले."

साहेब हसून म्हणाले, "मॅडम, विनम्रता हा शिक्षकाचा दागिना."

कॉलेजला मान्यता मिळाली, वर दुसऱ्या तुकडीची. अहवालात म्हणे 'अध्यापनाचा दर्जा उत्तम' असं लिहिलं होतं. कागद दाखवायला मी दुकानात गेलो तेव्हा मॅडमनी तो वाचला, घडी केली आणि मला परत दिला. आठ दिवस त्या कुणालाही बोलल्या नाहीत. ज्या बाईच्या शिव्यांची सवय झालेली असते तिचं गप्प बसणं फार वाईट असतं. माझ्या शहाणपणापायी एका प्रामाणिक बाईच्या एका तासावर ते भंपक कॉलेज आणखी कित्येक वर्षं चालणार होतं, आणि मला त्याचं तेव्हा फारसं काही वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

माझे पाचशे तास भरले तेव्हा त्यांनी आपली वही काढली. त्यात माझ्या येण्याजाण्याच्या वेळा होत्या, चहाचा वेळ वजा. मामाच्या मुलाच्या लग्नाला मी दोन दिवस गेलो होतो, तेवढे तास कमी होते. ते मी पुढच्या आठवड्यात भरून दिले. मग त्यांनी फॉर्मवर सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

"ही सही तुला दिली असं समजू नगंस, माधव," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. "तुझ्या काउंटरसमोर जे कुणी उभं राहील त्याला दिली. तुझं नाव भिंतीवर लागलं की तू त्याच्याखाली असायचं. कबूल?"

"कबूल, मॅडम. तुमची शपथ," मी म्हणालो, आणि चक्क पाया पडलो.

दोन वर्षांनी अप्पांचा धाकटा मुलगा फार्मासिस्ट झाला. कुठून, ते सांगायला नकोच. मॅडमच्या तासाच्या पुण्याईने चाललेल्या त्याच कॉलेजातून. घरचं सर्टिफिकेट आल्यावर अप्पांना बाहेरच्या बाईची गरज उरली नाही. अप्पांनी नारळ, साडी, पेढे, सगळं रीतसर केलं. माणूस वाईट नव्हता, फक्त व्यापारी होता. मॅडम शेवटच्या वेळी स्टुलावर चढल्या, फ्रेम काढली आणि म्हणाल्या, "खिळा राहू द्या अप्पा, मजबूत हाय. तुमच्या पोराला लागंल." तो पोरगा लातूरला जिम चालवतो. त्याची फ्रेम अजून त्या खिळ्यावर आहे, आणि मला वाटतं त्याला त्या दुकानाचा रस्ताही आठवत नसेल.

त्याला नावं ठेवायला मी मोकळा आहे, कारण तोवर मी तेच केलं होतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणून मी नांदेडला अभ्यासिकेत खुर्ची घेतली होती. सकाळी जायचं, पुस्तक उघडायचं, दुपारी चहा, संध्याकाळी आणखी चहा. नायगावच्या एका मेडिकलवाल्याने विचारलं, आणि मी सर्टिफिकेट लावलं. महिन्याला खोलीभाड्यापुरते पैसे येत. मनाची समजूत कशी घालायची हे शिकायला कुठलाच डिप्लोमा लागत नाही. मी स्वतःला सांगितलं, तात्पुरतं आहे, सगळे करतात, आणि मॅडमना कुठे कळणार आहे. दुकानात काउंटरवर मालकाचा मेव्हणा बसायचा, बी.ए. झालेला. मी तिथे एकदाच गेलो होतो, फोटो आणि सही द्यायला.

मॅडम जाण्याआधीच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मेव्हण्याचा फोन आला. "सर, एक बाई आल्यात. म्हातारी हाय. म्हणती फोटोतल्या माणसाला बोलवा. तवर मी हितंच बसते. सर, इन्स्पेक्टर तर नसंल ना?"

"नाव काय सांगितलं?"

"वाघमारे मॅडम म्हनं."

मिळेल त्या गाडीने निघालो. नांदेडपासून नायगाव तासाभरावर, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. वाटेत मी तीन सबबी तयार केल्या. आजच सुट्टीवर होतो. आईची तब्येत. पुढच्या महिन्यापासून पूर्णवेळ बसणारच होतो.

मॅडम दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, हातात काठी आली होती. मांडीवर माझी फ्रेम. मेव्हण्याला स्टुलावर चढवून त्यांनी ती काढायला लावली होती, आणि तेव्हापासून दुकानात चिठ्ठीवरचं औषध विकलं गेलं नव्हतं. शेजारी एक छोटी औषधाची बाटली, एक चमचा, डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल. गुडघ्यांमुळे त्या नायगावजवळ एका खेड्यात भाचीकडे राहायला आल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी बाटली पुढे केली.

"वाच."

थेंबांची बाटली होती. खोक्यावर पेनने लिहिलं होतं, अर्धा चमचा तीन वेळा. डॉक्टरने सिरप लिहिलं होतं. मेव्हण्याकडे सिरप संपलं होतं, म्हणून त्याने त्याच नावाचे थेंब दिले होते. भाचीच्या लेकराचं वय सात महिने.

"लेकरू?" मी विचारलं.

"झोपलंय. चमचा भरून तोंडाशी नेला होता तिनं. मी बाटली वाचली. मग बिल वाचलं. खाली फार्मासिस्ट म्हणून तुझं नाव होतं."

वाटेत तयार केलेल्या तीनही सबबी माझ्या तोंडात सुकल्या. त्यांनी मला शिवी द्यावी, धपाटा घालावा, निदान डिप्लोमा म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"आत जा," त्या म्हणाल्या. "सिरप दे मला. अडीच एमएल."

मी काउंटरमागे गेलो. माझ्या नावाचं दुकान, आणि सिरप कुठल्या कप्प्यात ठेवतात ते मला माहीत नव्हतं. मी वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. शेवटी मेव्हण्याने बोट दाखवलं, "हितं सर, आजच माल आलाय." मॅडम बघत होत्या. मी बाटली काढली, मुदत वाचली, सोबतच्या टोपणावर अडीचची खूण पेनने गडद केली. खोक्यावर सूर्य काढला, भर दुपारचा सूर्य काढला, चांदणी काढली. भाचीला वाचता येत होतं, तरी काढली. चांदणी वाकडी झाली.

मॅडमनी बाटली निरखून पाहिली आणि पिशवीत टाकली. मग मांडीवरची फ्रेम उचलून काउंटरवर ठेवली. "लाव. आत्ता हैस तू."

मी स्टुलावर चढून फ्रेम टांगली. त्या काठी टेकत रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या ऑटोत जाऊन बसल्या. ऑटोवाला सीटं भरायची वाट बघत होता. त्यांना सोडायला म्हणून मीही दुकानातून बाहेर पडलो, फुटपाथपर्यंत आलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, दुकानात, भिंतीकडे.

मी जागेवरच थांबलो. मग मागे वळलो, आत गेलो आणि मेव्हण्याला म्हणालो, "स्टूल दे."

"सर, आत्ताच तर लावली की," तो म्हणाला.

फ्रेम काढली, शर्टाने काच पुसली, काखेत मारली आणि बाहेर आलो. तोवर ऑटो निघून गेली होती.